पोट्टं क्लासला, ठिपका घरीच: लोकेशन अडकलं की काय तपासायचं

जून उजाडून अकरावी-बारावीचे क्लास सुरू झाले की नागपुरात बर्डीतल्या आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक तक्रार ठरलेली असते: मूल एकीकडे, आणि आईबापाच्या फोनवरच्या नकाशात त्याच्या लोकेशनचा ठिपका दुसरीकडे. "भाऊ, पोट्टं खोटं बोलून रायलं का मोबाइल?" आईबाप काउंटरवर, पोरगं मागे तोंड फुगवून उभं. बहुतेक वेळा मोबाइलच खोटं बोलत असतो. खरं तर खोटंही नाही, जुनं बोलत असतो. म्हणून घरात पंचनामा सुरू करण्याआधी खालच्या क्रमानं तपासा. वरच्या तपासण्या फुकट आहेत आणि बसल्या जागी होतात. खाली जाल तसा वेळ आणि खर्च वाढतो.

आधी लक्षणं

आपलं लक्षण कोणतं ते नीट ओळखा, अर्धं काम तिथंच होतं.

- पोरगी शंकरनगरच्या क्लासला पोहोचून दोन तास झाले, नकाशावर ती अजून मानेवाड्यात घरीच आहे.
- ठिपका अडकलेला असतो, पण मुलानं फोन हातात घेऊन उघडला की लगेच योग्य जागी येतो.
- सकाळी सगळं ठीक, दुपारनंतर लोकेशन गायब. रोज साधारण त्याच वेळेला.
- ठिपका भलत्याच वस्तीत. मूल नंदनवनात मित्राकडे, नकाशा म्हणतो जरीपटका.
- वर्धा रोडवर किंवा कामठी रोडवर ठिपका उड्या मारतो, शेजारच्या गल्लीत शिरतो, परत येतो.
- अ‍ॅप सांगतं की स्कूटी ताशी ११० नं गेली. किंवा मूल ऑटोत बसलं होतं आणि अ‍ॅपनं 'गाडी चालवली' अशी नोंद केली.

ठिपक्याखालची वेळ वाचा

ही तपासणी तुमच्याच फोनवर होते आणि तीच लोक टाळतात. जवळपास प्रत्येक लोकेशन अ‍ॅपमध्ये नावाखाली लहान अक्षरात वेळ असते: 'आत्ता', '२५ मिनिटांपूर्वी', 'सकाळी ७:१०'. ठिपका ७:१० चा असेल, तर ७:१० ला मूल कुठे होतं एवढंच तो सांगतो. तो कालचा पेपर आहे, आजची बातमी नाही. 'घरी दिसतोय' आणि 'सात दहाला घरी होता' या दोन वाक्यांत जो फरक आहे, त्यावर अनेक घरांतली भांडणं उभी असतात.

मग आपलाच फोन तपासा. तुमचं नेट बंद असेल तरी जुनाच ठिपका दिसत राहतो. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा, नकाशा ताजा होऊ द्या, आणि त्यानंतरच मुलाच्या फोनकडे वळा.

शेअरिंगची मुदत संपली का

दुपारी लोकेशन बंद पडण्याचं हे पहिलं कारण. व्हॉट्सअ‍ॅपच्या लाइव्ह लोकेशनला तीनच मुदती आहेत: १५ मिनिटं, १ तास, ८ तास. मुलानं सकाळी साडेसातला आठ तासांचं पाठवलं, की साडेतीनला ते आपोआप बंद होणार. त्यात कोणाचा दोष नाही. रोजच्या वापराला ते चालतच नाही. एखाद दिवशी पोरं रामटेकला निघाली तर ठीक.

गूगल मॅप्सच्या लोकेशन शेअरिंगमध्येही वेळ निवडावी लागते. 'मी बंद करेपर्यंत' हा पर्याय असताना घाईत एक तासावर बोट पडतं. शिवाय मुलाच्या फोनमध्ये दोन-तीन गूगल खाती असतात: एक शाळेचं, एक गेमचं, एक बाबांनी काढून दिलेलं. ज्या खात्यानं शेअर केलं ते या फोनवरून काढून टाकलं असेल, तर ठिपका हलणार कसा?

आयफोनवाल्यांनी 'फाइंड माय'मध्ये 'मी' या टॅबवर जाऊन लोकेशन याच आयफोनवरून जातंय ना ते पाहावं. घरी पडलेला आयपॅड किंवा जुना फोन निवडलेला असेल, तर मूल कुठेही गेलं तरी ठिपका दिवाणखान्यातच राहतो.

नेट आणि डेटाचा पॅक

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उपग्रहाचा संदेश फोन फुकटात ऐकतो आणि आपली जागा स्वतः काढतो. पण ती जागा तुमच्यापर्यंत पोहोचवायला नेट लागतं. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर पोरं दुपारपर्यंत रील्स बघून डेटा फस्त करतात आणि मग वेग इतका पडतो की नकाशाचं काही धड सरकत नाही. दुपारनंतर लोकेशन जाण्याचं हे दुसरं मोठं कारण. एका दिवसाचा वापर सेटिंग्जमध्ये बघितला की लगेच कळतं.

त्याच पानावर डेटा सेव्हर चालू आहे का ते बघा. असेल तर लोकेशनच्या अ‍ॅपला त्यातून सूट द्या, कारण डेटा सेव्हर मागे चालणाऱ्या अ‍ॅप्सचंच नेट आधी तोडतो. दोन सिम असतील तर डेटा कोणत्या सिमवर आहे आणि त्याचं रिचार्ज शिल्लक आहे का, हेही. हसू नका, रिचार्ज संपलेलं सिम घेऊन 'फोन बिघडला' म्हणून येणारे बरेच असतात.

परवानगी: 'नेहमी' की 'वापरताना'

'फोन उघडला की लगेच ठीक होतं' हे लक्षण असेल तर इथून बॅटरीपर्यंतचा भाग तुमच्यासाठी आहे.

अँड्रॉइड १० पासून लोकेशनची परवानगी 'नेहमी' आणि 'फक्त अ‍ॅप वापरताना' अशी वेगळी झाली. मुलाच्या फोनवर दुसरी असेल तर अ‍ॅप उघडं असतानाच ठिपका हलतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, मग ते अ‍ॅप, मग परवानग्या, मग लोकेशन, आणि तिथे 'नेहमी' निवडा. खालचा अचूक लोकेशनचा खटकाही चालू ठेवा. तो बंद असला तर फोन मुद्दाम मोघम जागा सांगतो, म्हणजे घर-गल्लीऐवजी सगळा परिसर.

आयफोन अधूनमधून स्वतःच विचारतो की हे अ‍ॅप मागे राहून तुमचं लोकेशन वापरतंय, चालू ठेवायचं का. पोरं न वाचता जो पर्याय दिसेल तो दाबतात. ही खोडी नव्हे, सवय आहे. तुम्ही तरी अ‍ॅपच्या अटी वाचता का?

अँड्रॉइड ११ पासून आणखी एक गोष्ट घडते. मुलानं लोकेशनचं अ‍ॅप काही महिने उघडलंच नाही, तर फोन त्याच्या परवानग्या आपणहून काढून घेतो. हे अ‍ॅप तर मूल कधीच उघडत नाही, बघतात आईवडील. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर 'वापरात नसल्यास थांबवा' अशा अर्थाचा खटका असतो, तो बंद करा.

बॅटरी वाचवणारा फोन

सगळ्यात जास्त फोन इथे सुधारतात. अँड्रॉइड स्वतःही बॅटरी वाचवतं, पण कंपन्या त्यावर आपापली कात्री चालवतात. स्क्रीन बंद झाली, फोन खिशात गेला, की थोड्या वेळात मागचं अ‍ॅप झोपवलं जातं. अ‍ॅप झोपलं, ठिपका थांबला. मूल फोन हातात घेतं तेव्हा अ‍ॅप जागं होतं आणि ठिपका एकदम चार किलोमीटर उडी मारतो. पालकांना वाटतं, आम्ही फोन केल्यावर यानं लोकेशन चालू केलं. खरं तर तुम्ही केलेल्या कॉलनंच अ‍ॅप जागं झालं.

अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर बॅटरीत जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. ही सर्वसाधारण जागा. पुढे कंपनीप्रमाणे नावं बदलतात. शाओमी-रेडमी-पोकोमध्ये 'ऑटोस्टार्ट' चालू आणि बॅटरी सेव्हरमध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स'. दोन्ही हवं, एकानं भागत नाही. रियलमी, ओप्पो, वनप्लसमध्ये मागे चालण्याची आणि आपोआप सुरू होण्याची परवानगी वेगवेगळी द्यावी लागते. विवोमध्ये बॅटरीच्या पानावर मागे वीज वापरण्याची सूट असते, ती या अ‍ॅपला द्या. सॅमसंगमध्ये झोपलेल्या अ‍ॅप्सची यादी असते, त्यातून अ‍ॅप काढा आणि कधीच न झोपवायच्या यादीत टाका. नावं आवृत्तीप्रमाणे मागेपुढे होतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'बॅटरी' किंवा 'ऑटो' टाइप करा.

सेटिंग्ज बरोबर असूनही अडतंय? मग मुलाची बोटं बघा. अलीकडची सगळी अ‍ॅप्स वर सरकवून 'साफ' करायची पोरांना भारी हौस. कित्येक फोनमध्ये त्यानं लोकेशनचं अ‍ॅपही मरतं. अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीत त्या अ‍ॅपवर बोट दाबून कुलपाचं चिन्ह मिळतं का पाहा, ते लावा. पॉवर सेव्हिंग ठरावीक टक्क्याला आपोआप चालू होतंय का, तेही बघा. संध्याकाळी बॅटरी तळाला गेली की लोकेशन पहिलं मरतं.

एवढं करून झालं की चाचणी घ्या. मुलाच्या फोनचं वाय-फाय बंद करा, स्क्रीन बंद करून खिशात ठेवा आणि अर्धा तास अंबाझरीच्या बाजूला चक्कर मारून या, फोनला हात न लावता. ठिपका सोबत आला तर काम झालं. घरात सोफ्यावर बसून घेतलेली चाचणी निरुपयोगी.

भलत्या वस्तीतला ठिपका

घरात, क्लासच्या खोलीत, मॉलमध्ये फोनला आकाश दिसत नाही. तेव्हा तो आजूबाजूचे वाय-फाय राउटर आणि मोबाइल टॉवर यांवरून अंदाज बांधतो. कोणता राउटर कुठे आहे याची मोठी यादी गूगल आणि अ‍ॅपल ठेवतात. आता समजा मित्राचं कुटुंब जरीपटक्याहून नंदनवनात राहायला आलं आणि राउटर सोबत आणला. यादी सुधारेपर्यंत त्या घरात बसलेला प्रत्येक फोन जरीपटक्यात दिसू शकतो. मूल तिथं कधी गेलेलंही नसतं.

तपासायला सोपं आहे: मुलाला फोन करून पाच मिनिटं वाय-फाय बंद करून गॅलरीत उभं राहायला सांगा. ठिपका जागेवर आला तर राउटरचीच भानगड. यावर तुम्हाला काही करायचं नाही, यादी काही काळात आपोआप सुधारते.

एक गैरसमज. फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायचा जो उपाय सगळे सांगतात, तो होकायंत्रासाठी आहे. तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते त्यानं सुधारतं, तुम्ही कुठे आहात ते नाही.

डबल डेकर, डिक्की आणि मे महिना

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर आहेत आणि जागा काढायला किमान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. आता वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर आठवा: खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. खालून स्कूटीवर जाणाऱ्याच्या डोक्यावर काँक्रीटचे दोन मजले. उपग्रहांचे संदेश आडवेतिडवे, इमारतींवर आपटून येतात, लांबचा रस्ता घेतात आणि फोन चुकीचं अंतर मोजतो. गड्डीगोदामला तर रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार थर. तिथं ठिपका शेजारच्या गल्लीत शिरला म्हणून पोराला 'तिकडे कशाला गेला होता' विचारू नका.

पुलावरून गेलं की पुलाखालून, हेही बऱ्याच वेळा अ‍ॅपला कळत नाही, कारण नकाशावर दोन्ही एकाच रेषेत आहेत.

डिक्कीचं प्रकरण खास आपल्याकडचं. पोरं फोन स्कूटीच्या डिक्कीत टाकतात. गाडी चालवताना फोन हातात नसणं उत्तमच, पण वर सीट, तिच्यावर माणूस, खाली इंजिन, मग सिग्नल कमजोर. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना उन्हात उभ्या गाडीची डिक्की काय तापते ते हात घालून बघा. अ‍ॅपल आयफोनसाठी वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगते. फोन तापला की स्वतःला वाचवायला कामं कमी करतो, आणखी तापला तर बंदच होतो. मार्च ते जून फोन पाठीवरच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायला सांगा. सिग्नलही मिळेल, बॅटरीही टिकेल.

वेग आणि 'गाडी चालवली'

काही अ‍ॅप्स दोन ठिपक्यांमधलं अंतर वेळेनं भागून वेग काढतात. ठिपकाच चुकला तर भागाकार चुकणार. पोरगी ताशी ४० नं जातेय, दहा सेकंदांत ठिपका चुकून १५० मीटर पुढे पडला, की हिशोबात ५४ ची भर पडून ताशी ९४ दिसतात. म्हणून क्षणभरच उसळलेला एखादा आकडा सोडून द्या. मोकळ्या रस्त्यावर, सलग काही मिनिटं वेग जास्त दिसत असेल तर तो खरा समजा आणि बोला.

चालवतंय कोण, हेही फोनला कळत नाही. त्याला फक्त हालचाल आणि वेग दिसतो. ऑटो, शहरातली 'आपली बस', मित्राच्या मागची सीट, सगळं सारखंच. काही अ‍ॅप्समध्ये 'मी प्रवासी होतो' अशी दुरुस्ती करता येते, ती मुलाला शिकवा. प्रवासाची नोंदच होत नसेल तर शारीरिक हालचालीची परवानगी बघा, आयफोनवर तिला 'मोशन अँड फिटनेस' म्हणतात.

इथं दुकानदारी बाजूला ठेवून एक सांगतो, कारण कित्येकदा अ‍ॅपची तक्रार घेऊन आलेलं पोरगं सोळा वर्षांचं असतं. १८ पुरी होईपर्यंत ११० सीसीची स्कूटी चालवताच येत नाही. १६ ते १८ मध्ये परवाना काढून फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालते. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९९-अ पालकाला किंवा गाडीमालकाला धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. अशा घरात वेगाची नोंद नीट करून देऊन मी काय साधणार? चावी काढून घ्या, अ‍ॅपचं नंतर बघू.

मुद्दाम बंद केलेलं

सगळं तपासून झालं आणि तरी ठिपका दर शनिवारी संध्याकाळीच थांबतो, तर बिघाड फोनचा नाही. सेटिंग्जमधल्या 'डेव्हलपर ऑप्शन्स' या एरवी दडलेल्या पानावर खोट्या लोकेशनचं अ‍ॅप निवडलेलं दिसू शकतं. कधी फोन मैत्रिणीच्या घरी ठेवून पोरगी दुसरीकडे जाते, त्याला तर कुठलंच सेटिंग नाही. इथं माझं काम संपतं, तुमचं सुरू होतं.

'त्याला न कळता एखादं अ‍ॅप टाकून द्या' अशी मागणी येते. मी नाही टाकत. अशी चोरटी अ‍ॅप्स बसवताना प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप्स पकडणारा गूगलचा पहारेकरी, बंद करायला सांगतात, प्ले स्टोअरच्या बाहेरून फाइल उतरवायला लावतात आणि मेसेज, फोटो, माइक सगळ्यावर हक्क मागतात. तुमच्या मुलीचे फोटो कोणाच्या सर्व्हरवर जातात ते तुम्हालाही कळत नाही. वरची सगळी सेटिंग्ज मुलाच्या समोर, त्याच्याच हातानं करून घ्या. त्याच्या नकळत केलेली तो आठवड्यात उलटवतो.

कुठे थांबायचं

मूल ठरलेल्या वेळी आलं नाही, फोन लागत नाही आणि तुम्हाला काळजी वाटते, तर सेटिंग्ज शोधत बसू नका. मित्रांना, क्लासला फोन करा आणि ११२ लावा. मुलांसाठी १०९८ आहे. पोलिसांना शेवटचा ठिपका त्याच्या वेळेसकट सांगा, स्क्रीनशॉट ठेवा. पैसे घेऊन नंबरवरून लोकेशन काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. टॉवरची माहिती पोलीस रीतसर मागवतात.

फोनची पाठ फुगलेली किंवा स्क्रीन कडेनं उचललेली दिसली तर तो चार्जिंगला लावू नका, दाबू नका. बॅटरी फुगली आहे. थेट दुरुस्तीला.

आणि शेवटची चाचणी फोनच्या आतल्या जीपीएसच्या भागांची. कस्तुरचंद पार्कसारख्या मोकळ्या मैदानात वाय-फाय बंद, डेटा चालू ठेवून नकाशा उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. डेटा चालू असल्यानं फोनला उपग्रहांची यादी नेटवरूनच मिळते आणि काम लवकर होतं. नेटशिवाय उपग्रहाकडून पूर्ण यादी ऐकायलाच साडेबारा मिनिटं लागतात. एवढं थांबूनही निळा ठिपका फिकट मोठ्या वर्तुळातच राहिला आणि कुठल्याच नकाशाच्या अ‍ॅपमध्ये जागा पक्की होत नसेल, तर अँटेना किंवा तिचा जोड गेला. फोन पूर्वी पडला असेल, स्क्रीन किंवा मागची पाठ बदलली असेल तर संशय आणखी पक्का, कारण अनेक फोनमध्ये अँटेनाचे जोड तिथंच टेकलेले असतात आणि एखादा स्क्रू बसवायचा राहिला तरी सिग्नल जातो. हे घरी उघडू नका, वॉरंटी असेल तर आमच्यासारख्याकडेही आणू नका, कंपनीच्या सेवा केंद्रात न्या. तिथं 'लोकेशन चालत नाही' एवढंच न सांगता मैदानातली चाचणी आणि आधी झालेली दुरुस्ती दोन्ही सांगा. फोन परत मिळाला की पावतीवर सही करण्याआधी रस्त्यावर या, वाय-फाय बंद करा आणि ठिपका जागेवर बसतो का ते स्वतः बघा.